केबिनमध्ये चहा आला की

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

आईची चार लाखांची एफडी येत्या गुरुवारी पूर्ण होतेय आणि बँकेतून तीनदा फोन आला, "मावशी, एकदा भेटून जा, एफडीपेक्षा चांगलं आहे तुमच्यासाठी," असं तू कळवलंस. माझी ३१ वर्षं बँकेत गेली, त्यातली शेवटची काही अशाच केबिनमध्ये. ते 'चांगलं' काय असतं ते मला पाठ आहे.

ठेव कधी सुटणार, किती रुपये, खातेदाराचं वय काय, हे सगळं शाखेला आधीच दिसतं. सोलापूरची गड्डा यात्रा उठली, आता मार्च तोंडावर आलाय, आणि मार्चपर्यंत विम्याचं टार्गेट भरायचं असतं. समोर बसलेला पोरगा वाईट नसतो गं. रोज संध्याकाळी त्याला वरून फोन येतो, "आज किती पॉलिसी झाल्या?" त्याच्यावर चिडू नकोस. पण त्याचं टार्गेट आईच्या पैशांतून पुरं व्हायला नको.

तो 'विमा' हा शब्द शक्यतो काढणारच नाही. "एफडीसारखंच आहे, फक्त नवीन स्कीम," म्हणेल. "एकदाच भरायचे" म्हणेल, आणि फॉर्मवर मात्र हप्ता वार्षिक असेल. पुढच्या वर्षी चार लाखांची आठवण करणारं पत्र आलं की घरात भांडण. युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेला विमा, असेल तर पाच वर्षं पैसे अडकले, यालाच लॉक-इन म्हणतात. हप्ता थांबवलास तरी ते वेगळ्या फंडात पडून राहतात आणि पाच वर्षं झाल्यावरच हातात येतात. आणखी एक, जे तुला सुचणार नाही: आई एकसष्टची, म्हणून विमा तुझ्या नावावर काढू म्हणतील. पैसे तिचे, पॉलिसी तुझी, हप्ते तुझ्या पगारातून.

दुसरा प्रकार 'हमी'चा. दहा वर्षं दरवर्षी १ लाख भरा, विसाव्या वर्षाअखेर २० लाख घ्या. दुप्पट! ऐकायला झकास. मोबाईलवर हिशोब मांडून बघ, व्याज वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास निघतं. वीस वर्षांनी आई ८१ वर्षांची असेल, हे तर त्या रंगीत कागदावर कुठेच नसतं.

आता जे सांगतो ते मी घरीसुद्धा फारसं बोललो नाही. पॉलिसीचा अर्ज इंग्रजीत असतो. सही दुसऱ्या भाषेत असली की खाली एक घोषणा भरावी लागते: मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे. पूर्व भागातल्या एका बाईंनी तेलुगूत सही केली. हातमागावर आयुष्य गेलेलं, नवरा वारलेला, ठेव त्याच्या पैशांची. घोषणेखाली सही माझी. मला तेलुगू 'बागुन्नारा', म्हणजे 'बरे आहात ना', याच्या पुढे येत नाही. मराठीतही मी त्यांना काही समजावलं नव्हतं, चहा मात्र मागवला होता. दोन वर्षांनी मुलीच्या लग्नाला पैसे काढायला त्या बाई आल्या आणि मी त्यांना लॉक-इन म्हणजे काय ते समजावलं. तेव्हा मात्र नीट समजावलं. त्या काही बोलल्या नाहीत, पावती घडी करून पिशवीत ठेवली आणि गेल्या.

तुझी आईसुद्धा तेलुगूतच सही करते, म्हणून एवढं लिहिलं. तिला एकटीला पाठवू नकोस.

काय करायचं ते घरीच ठरवून जा, केबिनमध्ये काही ठरवायचं नाही. पैसे कशासाठी आहेत हे तिलाच विचार. महिन्याच्या खर्चाला हातभार हवा असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघ. साठीनंतर उघडता येते, मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी, मर्यादा ३० लाख. पोस्टात मिळते, बऱ्याच बँकांतही मिळते, पण साहेब आपणहून तिचं नाव काढतील ही आशा धरू नकोस. पैसे मध्येच लागण्यासारखे असतील तर साधी एफडी, तीही दोन-तीन पावत्यांत तोडून, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्यांचं व्याज शाबूत. गल्लीतला कुणी काका पतसंस्थेचा जास्त व्याजदर सांगेल. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. एवढं काकांना सांग आणि विषय बदल.

"एफडी विसरली तरी चालते, आपोआप रिन्यू होते," यावर निर्धास्त होऊ नकोस. आधीच्या फॉर्मवर काय खूण केलीय ते बघ. रिन्यूची सूचना नसेल तर मुदतीनंतर पडून राहिलेल्या पैशांवर बचत खात्याचा किंवा ठेवीचा ठरलेला, यांतला कमी असेल तो दर मिळतो. रिझर्व्ह बँकेचा २०२१ पासूनचा हा नियम आहे.

आणि समजा सही होऊनच गेली, तर? आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. थोडी वजावट होते, बाकी पैसे परत मिळतात. कंपनीतून खात्रीचा फोन येईल, "सगळ्याला हो म्हणा" असं बँकेतून सांगितलेलं असेल, तिथे हो म्हणू नकोस. अर्जावर मोबाईल नंबर आईचाच आहे ना, तेही बघ. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीला १४४४८ हा नंबर. पण एवढी पाळी येऊ नये म्हणून हे पत्र.

गुरुवारी साध्या कागदावर अर्ज घेऊन जा. मजकूर एवढाच: 'माझी मुदत ठेव रिन्यू न करता पूर्ण रक्कम व्याजासह माझ्या बचत खात्यात जमा करावी. ही रक्कम इतर कोणत्याही योजनेत गुंतवण्यास माझी संमती नाही.' खाली आईची तेलुगूतली सही. दोन प्रती काढ, एकीवर शिक्का आणि तारीख घे. चहा आला तर पी, त्यात काही नाही. शिक्का द्यायला कां-कूं केलं तर तिथूनच मला फोन लाव, मी नवी पेठेतच असतो, रिक्षाने दहा मिनिटांत येतो.

तुझा,
काका