सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन सिनेमांत फंक एवढं का वाजतं?

तुम्ही विचारलंय की त्या काळच्या मारधाडपटांतलं 'वाका-वाका' गिटार आलं कुठून, आणि ती नुसती फॅशन होती का. ते गिटार म्हणजे फंकचाच आवाज; फंक म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकारांनी घडवलेलं, ठेक्यावर चालणारं नाचतं संगीत. मी हौशी बेसवादक आहे, तेव्हा उत्तर थोडं पक्षपाती समजा.

१९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्सकडे आपल्या 'स्वीटबॅक' सिनेमाच्या जाहिरातीला पैसे नव्हते. त्यानं आधी गाण्यांची रेकॉर्डच बाजारात आणली. वाजवणारा होता तेव्हा नवखा असलेला 'अर्थ, विंड अँड फायर' हा बँड. त्याच वर्षी 'शाफ्ट' आला. टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी स्टेशनातून कृष्णवर्णीय नायक वर येतो आणि रस्त्यातून बेफिकीर चालत सुटतो. खाली शीर्षकगीत: ड्रमवादक विली हॉलचं हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी), एका मात्रेत चार ठोके, थांबायचं नावच नाही. त्यावर स्किप पिट्सचं गिटार, पायातलं वा-वा पेडल (सूर 'वा-वा' असा उघडमीट करणारं) दाबत-सोडत. पहिला शब्द यायला अडीच मिनिटांहून जास्त वेळ लागतो! गायक-संगीतकार आयझॅक हेजला या गाण्यासाठी १९७२ मध्ये ऑस्कर मिळालं. त्या विभागात जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

फंक सिनेमाला मानवलं, कारण त्याचा सगळा भार पहिल्या मात्रेवर, आपण म्हणू समेवर, असतो. तेच आवर्तन हवं तितकं फिरवा, दृश्य लांबलं तरी बिघडत नाही, आणि मध्ये संवादही बसतात. मग सिनेमांना संगीत द्यायला मार्विन गे, जेम्स ब्राउन असे गायक आले, नकलाही भरपूर झाल्या. मुंबईत कल्याणजी-आनंदजींनी 'डॉन'मध्ये (१९७८) हा बाज घेतला, आणि २००५ मध्ये 'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकन हिप-हॉप गटानं त्यातल्याच 'ये मेरा दिल'चा तुकडा उचलला. फिटंफाट म्हणा.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं काम गायक-संगीतकार कर्टिस मेफिल्डचं, 'सुपर फ्लाय' (१९७२). सिनेमाचा नायक कोकेन विकणारा, झोकदार कपडे, मोठी गाडी. कॅमेरा त्याच्यावर चक्क भाळलेला. मेफिल्ड मात्र त्या धंद्यात मेलेल्या फ्रेडीबद्दल गातो. गंमत म्हणजे सिनेमात या गाण्याची फक्त धून आहे, शब्द रेकॉर्डवरच ऐकायला मिळतात. म्हणजे दिग्दर्शक ज्याला मिरवतोय, त्याचा हिशेब संगीतकार दुसरीकडे मांडतोय. पार्श्वसंगीतानं आपल्याच सिनेमाशी असं भांडण मांडलेलं मला फार कुठे सापडलं नाही.

त्यामुळे अशा सिनेमांची यादी हवी असेल तर नंतर देईन. आधी मेफिल्डची ती रेकॉर्ड हेडफोन लावून ऐका, मग सिनेमा बघा. उलट क्रमानं नको.