अँजिओप्लास्टीआधी डॉक्टरांना काय विचारायचं?
वडिलांची अँजिओप्लास्टी ठरवून करायची आहे ना, मग डॉक्टरांना बिनधास्त विचारा, "वर्षाला किती करता?" चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१३ मध्ये डॉक्टरमागे वर्षाला किमान ५० असा आकडा सुचवला होता. आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत तो सहज पार होतो, त्यामुळे तेवढ्यावर भुलू नका. ब्लॉक धमनीच्या फाट्यावर असेल किंवा कॅल्शियमने कडक झाला असेल, तर तशा केसेस किती केल्यात ते विचारा. नळी मनगटातून घालणार की जांघेतून, हेही. सरावलेल्या हाताने मनगटातून केली तर रक्तस्राव कमी होतो, पेशंट लवकर उठून बसतो. हार्ट अटॅकच आला तर मात्र ही चौकशी सोडा, जवळची चोवीस तास चालणारी कॅथलॅब, म्हणजे हॉस्पिटलातली अँजिओप्लास्टी करायची खोली, गाठा.