३२ बिटांचे कार्ड आणि १६ जीबी मेमरी

प्रश्न : माझ्या लिनक्स संगणकात १६ जीबी मेमरी आहे, पण त्यातले एक जुने कार्ड फक्त ३२ बिटांचे पत्ते जाणते. मग वरच्या मेमरीतली माहिती त्याला मिळते कशी?

उत्तर : असे कार्ड प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत वाचन-लेखन करते आणि ३२ बिटांत ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मावतात, म्हणून ड्रायव्हरने (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामने) ही मर्यादा कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सुरुवातीलाच कळवायची असते. ड्रायव्हर स्वतःसाठी जागा मागतो तेव्हा कर्नल ती ४ जीबीखालच्या विभागातून देतो. (आयएसए या जुन्या जोडणीच्या कार्डांची धाव तर १६ एमबीपर्यंतच होती!) खरी अडचण येते ती माहिती आधीच वरच्या पत्त्यावर असेल तेव्हा. कार्डाने वापरलेला पत्ता मेमरीच्या खऱ्या पत्त्यात बदलणारा आयओएमएमयू हा घटक चालू असेल, तर त्या जागेला कार्डापुरता खालचा पत्ता मिळतो आणि माहिती हलवावी लागत नाही. तो नसेल, तर कर्नल ती खाली राखलेल्या, सहसा ६४ एमबीच्या, मधल्या साठ्यात उतरवतो आणि कार्डाकडून आलेली माहिती तिथूनच वर नेतो. ही नक्कल प्रोसेसरचा वेळ खाते आणि साठा भरला तर देवाणघेवाणच अडते. तेव्हा कार्ड बदलण्याआधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) आयओएमएमयू बंद तर नाही ना, हे पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.