गोळी खरोखर वर चढते का?

प्रश्न : जिम कॉर्बेट यांच्या .२७५ रिग्बी रायफलीविषयी वाचताना, नळीतून सुटलेली गोळी आधी वर चढते व मग खाली येते, असे ऐकण्यात आले. हे खरे आहे काय?

उत्तर : नळी अगदी आडवी धरली, तर गोळी क्षणभरही वर चढत नाही, नळी सोडताक्षणीच ती हातातून सुटलेल्या दगडाप्रमाणे खाली येऊ लागते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये कॉर्बेट यांना भेट मिळालेल्या या रायफलीच्या जातीची सुमारे ९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने निघते. १०० मीटर जाईतो ती साधारण ८ सेंटीमीटर खाली येते, आणि २०० मीटरवर मात्र ३५ सेंटीमीटर, कारण वेळ दुप्पट झाला की खाली येण्याचे अंतर चौपट होते आणि हवेच्या विरोधाने वेगही घटत जातो.

गोळीचे हे खाली येणे भरून काढण्यासाठी, नेम धरायची डोळ्याजवळची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी (बारीक उंचवटा) अशा बेताने बसवतात, की नजर सरळ राहून नळीचे तोंड किंचित वर उचललेले राहावे. म्हणून २०० मीटरसाठी नेम जुळवलेल्या रायफलीची गोळी १०० मीटरवर नजरेच्या रेषेच्या आठ-नऊ सेंटीमीटर वर लागते. जवळचे लक्ष्य वरून हुकते ते यामुळेच, आणि त्यात नेमबाजाचा हात दोषी नसतो. खाच वर सरकवली की मारही वर सरकतो. माशीचे नेमके उलटे असते, आणि नवशिके बहुधा इथेच चुकतात.