वाचकांचे प्रश्न : वाळवंटातल्या कला-कॅम्पची तयारी

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटात दरवर्षी ऑगस्टअखेर ‘बर्निंग मॅन’ हा उत्सव भरतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे तिथल्या कामगार दिनी, संपतो. सुमारे सत्तर हजार माणसांचे हे तात्पुरते शहर मुख्यतः स्वयंसेवकांच्या कॅम्पांनी उभे राहते. गोव्यातून तिथे कलाकृती घेऊन जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांच्या पत्रांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचे मंडळ दरवर्षी नरकासुराची प्रतिमा आणि शिगमोत्सवाचा चित्ररथ करते. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मित्रांनी त्यांच्या कॅम्पमध्ये कलाकृती उभारण्यासाठी आम्हांला बोलावले आहे. बांबू, काथ्या, झावळ्या, थर्माकोल हे नेहमीचे सामान इथूनच न्यावे काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नेऊ नये. झावळ्या, गवत, प्रक्रिया न केलेला बांबू अशा वनस्पतिजन्य वस्तू अमेरिकेच्या विमानतळावर किंवा बंदरावर कृषी तपासणीत अडकतात आणि प्रसंगी नष्टही केल्या जातात. लाकडी खोक्यातून सामान पाठवायचे झाल्यास त्या लाकडावर उष्णतेची किंवा धुरीची कीडनाशक प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का असावा लागतो. परत आणायच्या वस्तूंसाठी ‘ए.टी.ए. कार्ने’ नावाचे सीमाशुल्क-पत्र मिळते आणि भारतात ते ‘फिक्की’ ही संस्था देते. जी वस्तू तिथेच जाळायची, वाटायची किंवा संपवायची आहे तिला मात्र हे पत्र चालत नाही. म्हणून कापड, कातरकाम, रंगवलेले मुखवटे असा हलका आणि परत येणारा भाग इथून न्यावा. सांगाड्याचे लाकूड, प्लायवूड, स्क्रू आणि दोर मित्रांनी रीनो शहरात किंवा आपल्या गावी आधीच घेऊन ठेवावेत.

थर्माकोलचा प्रश्न मात्र सीमाशुल्काचा नाही. ब्लॅक रॉक हे नावाला वाळवंट असले तरी तिथे वाळू नाही. लाहोंतान या प्राचीन सरोवराचा तो सपाट, कोरडा तळ आहे आणि त्यावर पिठासारखी बारीक, क्षारयुक्त धूळ असते. या जमिनीवर जे पडेल ते उत्सवानंतर उचलावेच लागते. जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे असून, उत्सव संपल्यावर ते खाते तपासणी करते. दर एकरामागे सरासरी एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा राहिलेला त्याला चालत नाही. कोणत्या कॅम्पच्या जागेवर किती कचरा सापडला याचा हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांतला नकाशा आयोजक तयार करतात, आणि लाल रंग लागलेल्या कॅम्पला पुढच्या वर्षी जागा मिळणे कठीण होते. वाऱ्यात थर्माकोल फुटला की त्याचे मणी कोणी वेचू शकत नाही. चमकी, टिकल्या, पिसे, सुट्या कागदाचे कपटे यांचीही तीच गत आहे. आमच्या मते कॅम्पचा आराखडा शेवटच्या दिवसापासून सुरू करून मागे यावे. हा भाग कोण उतरवणार, तो कशात बसणार आणि कोणत्या गाडीतून जाणार, या प्रश्नांना उत्तर नसेल तर तो भाग कितीही देखणा असला तरी आराखड्यातून काढून टाकावा.

प्रश्न : तिथे शेवटी लाकडी माणूस जाळतात असे ऐकतो. मग आम्ही आमचा नरकासुर तिथे जाळला तर कोणाची हरकत असणार? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : हरकत असेल, आणि ती रास्त आहे. १९८६ साली लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर आठ फुटी लाकडी माणूस जाळला, तिथून या उत्सवाची सुरुवात झाली. १९९०मध्ये तो ब्लॅक रॉकला गेला. आज तो माणूस शनिवारी रात्री आणि ‘टेंपल’ नावाची स्मृतिवास्तू रविवारी रात्री जळते. इतर कलाकृती जाळायची असेल तर आधी नोंदणी करावी लागते, आगीची व्यवस्था तपासली जाते, प्रेक्षकांना ठरावीक अंतरावर रोखणारे प्रशिक्षित कडे उभे करावे लागते आणि जमीन भाजून तिच्यावर डाग पडू नये म्हणून खाली संरक्षक थर घालावा लागतो. राहुट्यांच्या वस्तीत कलाकृती जाळता येत नाही. नरकासुराच्या पोटात आपण जे फटाके भरतो, ते खाजगी आतषबाजीला तिथे बंदी असल्यामुळे आपोआपच बाद होतात.

शिवाय राख आणि खिळे यांचा विचार करावा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण प्रतिमा जाळून घरी फराळाला जातो आणि रस्त्यावरचा सांगाडा, तारा, राख नगरपालिकेचे कामगार उचलतात. याबद्दल आपल्याकडे दरवर्षी तक्रारी होतात आणि दरवर्षी विसरल्याही जातात. तिथे नगरपालिका नाही. जाळणाऱ्यालाच लोहचुंबक फिरवून एकेक खिळा वेचावा लागतो. पहिल्या वर्षी नरकासुर न जाळता आतून प्रकाशित करावा आणि त्याचे सांधे बोल्टचे ठेवावेत, म्हणजे तो सुटा करून गाडीत भरता येईल.

प्रश्न : खर्चासाठी एका दुकानदाराकडून देणगी मिळत आहे. त्याचा फलक कॅम्पवर लावावा काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : लावू नये. हार्वी यांनी २००४ साली लिहिलेल्या दहा तत्त्वांत व्यापारीकरणाला थारा न देणे हे एक आहे. तिथे बर्फाखेरीज जवळजवळ काहीच विकत मिळत नाही आणि भाड्याच्या ट्रकवरची कंपनीची नावेसुद्धा लोक झाकतात. फलकाची अट नसेल तरच देणगी घ्यावी.

प्रश्न : कॅम्पमध्ये येणाऱ्या पाहुण्यांसाठी काहीतरी करावे लागते म्हणे. आम्ही मोठी रांगोळी घालावी अशी सूचना आहे. (एक वाचिका, साखळी)

उत्तर : जागा मिळवणाऱ्या कॅम्पने पाहुण्यांसाठी खुले राहावे आणि त्यांना सहभागी करून घ्यावे, ही आयोजकांची अपेक्षा खरी आहे. तथापि जमिनीवर घातलेली रांगोळी पहिल्याच झुळकीत कचरा ठरेल. फळ्यावर खडूने काढलेली चालू शकेल, पण ते काही रांगोळीचे समाधान नव्हे.

आम्हांला आकाशकंदील अधिक योग्य वाटतो. तिथे रात्री वस्तीबाहेरच्या मोकळ्या मैदानात गडद अंधार असतो, हजारो लोक सायकलवरून फिरतात, आणि न उजळलेली कलाकृती किंवा अंधारातला ताणदोर अपघाताला कारण होतो; त्यामुळे प्रकाश ही तिथे शोभेइतकीच सुरक्षेचीही गरज आहे. कागदाऐवजी कापड, बांबूच्या कामट्यांऐवजी तार किंवा प्लास्टिकची नळी आणि आत बॅटरीचा दिवा घेतल्यास पाहुण्याला बसल्या जागी कंदील बांधायला शिकवता येईल आणि पाहुणा तो सायकलला अडकवून घेऊन जाईल. कापडाचे तुकडे इथेच कापून, कडा शिवून न्यावेत, कारण कातरण तिथे होता कामा नये. शिवणकाम येणाऱ्या महिलांना आपली मंडळे सहसा नाश्त्याच्या व्यवस्थेत गुंतवतात. या कामाची आखणी त्यांच्याकडे द्यावी असे आम्ही सुचवतो.

प्रश्न : आम्ही पावसाळी मंडप घालणारे लोक आहोत. तिथला वारा आमच्या बांधणीला झेपेल काय? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : आपल्या गाठीला तो झेपेल, आपल्या ताडपत्रीला झेपणार नाही. तिथे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत येऊ शकतात, आणि बंद ताडपत्री असा वारा अडवून सगळा सांगाडा उचलते. म्हणून वारा आरपार जाऊ देणारे जाळीदार सावलीचे कापड वापरावे. आपण खड्डा खणून खांब रोवतो, तसे तिथे करता येत नाही. जमीन कोरडी आणि कठीण असते, त्यामुळे फूटभर लांबीचे जाड स्क्रू यंत्राने जमिनीत फिरवून त्यांना दोर बांधण्याची पद्धत तिथे रुळली आहे. ते स्क्रू त्याच यंत्राने उलटे फिरवून काढता येतात. ठोकलेल्या सळ्या काढताना कंबर मोडते आणि त्यांच्या उघड्या टोकांवर टोप्या नसतील तर पायही फाटतो.

सगळी रचना मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, एखाद्या मैदानावर पूर्ण उभारून पुन्हा उतरवून पाहावी. उतरवायला लागणारा वेळ लिहून ठेवावा. उभारणी गॉगल आणि धूळरोधक मुखपट्टी लावून करून पाहिल्यास कोणत्या गाठी आणि बोल्ट त्रासदायक आहेत ते कळेल. चपला मात्र घरी ठेवाव्यात. त्या क्षारी धुळीने उघड्या पायांची कातडी भाजल्यासारखी फुटते, आणि पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पाय धुणे हा तिथला रूढ उपाय आहे.

प्रश्न : पंधरा माणसांच्या जेवणाचे आणि पाण्याचे गणित कसे बसवावे? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : प्रत्येकी रोज दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटरांच्या आसपास पाणी धरावे आणि तेही बरोबर न्यावे. त्याहून अवघड प्रश्न सांडपाण्याचा आहे, कारण भांडी घासलेले पाणी जमिनीवर ओतता येत नाही. ते साठवून परत न्यावे लागते. तळलेले बांगडे आणि रोजची हुमण-कढी विसरावी. घरून शिजवून गोठवलेली डाळ-भाजी पिशवीतच गरम करून खाल्ली की अर्धे सांडपाणी वाचते.

प्रश्न : चतुर्थी आणि हा उत्सव एकत्र आले तर माणसे कशी मिळवावीत? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ही अडचण काल्पनिक नाही. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला, नेमकी उत्सवाच्या आठवड्यात आली होती. २०२७ साली ती ४ सप्टेंबरला, तिथे माणूस जाळण्याच्या शनिवारीच येते. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायची सोडून कोणी वाळवंटात जाईल, अशी अपेक्षा मंडळाने धरू नये. अशा वर्षी आरेखन, शिवणकाम आणि मेमधील चाचणी सर्वांनी करावी आणि ज्यांच्या घरी गणपती नाही अशा मोजक्यांनीच जावे.

व्हिसाच्या मुलाखतीसाठी गोव्यातील अर्जदार मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात आणि तारखा लांबच्या मिळू शकतात, म्हणून जाणाऱ्यांची नावे आदल्या दिवाळीतच निश्चित करावीत. परतीचे तिकीट काढताना शेवटच्या सोमवारनंतर किमान तीन-चार दिवस राखून ठेवावेत. २०२३मध्ये अखेरच्या आठवडाअखेरीस पाऊस पडला, धुळीचा चिखल झाला, गाड्यांना मनाई झाली आणि हजारो लोक अडकून पडले. ज्यांची विमाने ठरलेली असतात, ते अशा वेळी कॅम्प तसाच टाकून निघतात. तेव्हा उतरवणीचे प्रमुखपद ज्याचे तिकीट सर्वांत उशिराचे आहे त्याच्याकडेच द्यावे.