सिबिल घसरलंय, जुनी गाडी कर्जावर मिळेल का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा सिबिल स्कोअर 590 आहे. चार वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डाचे 68 हजार थकले होते, बँकेने 40 हजारांत सेटलमेंट करून दिली. तालुक्याच्या गावात राहतो, इथल्या दोन बँकांनी नकार दिलाय. 2018 ची पेट्रोल गाडी 3 लाख 60 हजारांत मिळतेय. डीलर म्हणतो, ‘सिबिलचं टेन्शन घेऊ नका, दोन दिवसांत फायनान्स करून देतो.’ घेऊ का?

उत्तर : डीलरला आधी थांबवा. त्याने तुमची फाइल एकदम चार फायनान्स कंपन्यांकडे टाकली, तर चारही चौकशा तुमच्या रिपोर्टमध्ये नोंदल्या जातात. थोड्या दिवसांत इतक्या चौकशा दिसल्या की पुढचा माणूस ‘हा सगळीकडे फिरून आलाय’ असंच समजतो आणि 590 चा स्कोअर आणखी खाली जातो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला तर मात्र स्कोअरला धक्का लागत नाही.

तेव्हा पहिलं काम रिपोर्ट काढण्याचं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. आकडा पाहून फाइल मिटू नका, आतली महिनेवार चौकट वाचा. 000 म्हणजे त्या महिन्याचा हप्ता वेळेवर, 030 म्हणजे 30 दिवस उशीर, एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहितीच आलेली नाही. तुमच्या कार्डाच्या खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा असणार, आणि दोन्ही नकारांमागे बहुधा तोच असावा. सेटलमेंट झाली म्हणजे हिशेब मिटला असं आपण धरून चालतो. कर्ज देणाऱ्याच्या लेखी मात्र या माणसाने 28 हजार बुडवलेत.

ते 28 हजार भरायची तयारी असेल तर आधी त्या बँकेला अर्ज करा आणि ‘रक्कम मिळाल्यावर खात्याचा शेरा क्लोज्ड करू’ असं लेखी घ्या. पैसे त्यानंतरच भरा, आणि नो ड्यूज (काही बाकी नाही असं) पत्र हातात पडल्याशिवाय विषय सोडू नका. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना निदान दर 15 दिवसांनी माहिती कळवावी लागते, त्यामुळे बदल दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. रिपोर्टमध्ये चूकच असेल, म्हणजे तुमचं नसलेलं खातं किंवा भरूनही थकीत दिसणारी रक्कम, तर ऑनलाइन तक्रार करा. 30 दिवसांत ती निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘पाच हजार द्या, सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि खोटी फुकटात दुरुस्त होते.

आता गाडीच्या पैशांकडे या. कर्ज डीलरच्या भावावर मिळत नाही, व्हॅल्युअरने, म्हणजे कंपनीच्या वतीने गाडी तपासणाऱ्याने काढलेल्या किमतीवर मिळतं. समजा, व्हॅल्युएशन 3 लाख 10 हजारांचं आलं आणि कंपनी त्याच्या 70 टक्के द्यायला तयार झाली, तर हातात पडतात 2 लाख 17 हजार. उरलेले 1 लाख 43 हजार तुम्हाला रोख उभे करावे लागतील. बहुतेक व्यवहार इथेच अडतात, आणि मग डीलर ‘वरच्या रकमेचं पर्सनल लोन करू’ म्हणतो. ते करू नका, एका पगारावर दोन हप्ते बसतात. त्यापेक्षा स्वस्तातली गाडी बघा. आणखी एक गोष्ट : कर्ज फिटेल त्या दिवशी गाडीचं वय 10 ते 12 वर्षांच्या पुढे जाऊ नये, असं बऱ्याच कंपन्या पाहतात. 2018 च्या गाडीला म्हणूनच पाच वर्षांची मुदत सहसा मिळत नाही.

गाडीची तितकी घाई नसेल तर सहा महिने थांबा. तेवढ्या काळात खात्यावरचा एकही चेक किंवा ऑटो डेबिट परत जाऊ देऊ नका. स्कोअर कमी असला की कंपनीचा माणूस सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचतो. घरात सोनं किंवा मुदत ठेव असेल तर त्यावरचं कर्ज बहुतेक वेळा या फायनान्सपेक्षा स्वस्त पडतं आणि त्याला सिबिल फारसं आडवं येत नाही. पतसंस्था सभासदांना वाहन कर्ज देतात, तोही मार्ग आहे. मात्र तिथे वेळेवर भरलेले हप्ते बहुधा सिबिलमध्ये दिसत नाहीत, म्हणजे स्कोअर सुधारायला त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : एजंट 3 लाखांवर 12 टक्के व्याज सांगतोय, तीन वर्षांसाठी. सिबिल कमी असताना हा दर ठीकच म्हणायचा ना?

उत्तर : फ्लॅट की रिड्युसिंग, ते विचारलंत का? फ्लॅटमध्ये पूर्ण 3 लाखांवर तिन्ही वर्षं व्याज लागतं : 1 लाख 8 हजार व्याज, हप्ता 11,333. मुद्दल महिन्यागणिक कमी होत गेलं तरी व्याज तेवढंच राहतं. रिड्युसिंगच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावायच्या हिशेबाने हा दर 21 टक्क्यांच्या थोडा वर जातो. खऱ्या 12 टक्के रिड्युसिंगला हप्ता सुमारे 9,964 आणि एकूण व्याज साधारण 58,700 झालं असतं. फरक जवळपास 49 हजारांचा.

एजंटशी वाद घालत बसू नका, ‘केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट) द्या’ एवढंच म्हणा. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँक असो वा एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी), किरकोळ कर्ज देताना हे तपशीलपत्र सहीआधी द्यावंच लागतं, तेही तुम्हाला कळेल अशा भाषेत. त्यात एपीआर हा आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी आणि कर्जाला जोडलेला विमा धरून वर्षाचा खरा दर त्यात दिसतो. दोन कंपन्यांची तुलना फक्त याच आकड्याने करा. त्या पत्रात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. विम्याची ओळ तेवढी नीट बघा : न विचारता आठ-दहा हजारांची पॉलिसी कर्जात मिळवली की हप्ता थोडासाच वाढतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुदतीआधी फेडायचा विचार असेल तर तो दंडही त्याच कागदात वाचा. जुन्या गाडीचं कर्ज बहुधा फिक्स्ड दराचं असतं आणि त्यावर फोरक्लोजर चार्ज लागतो.

प्रश्न : ओळखीतल्या एकाच्या गाडीवर कर्ज चालू आहे. ‘उरलेले 20 हप्ते तुम्ही भरा, नोटरी करून देतो’ म्हणतो. सिबिलचा प्रश्नच येत नाही, म्हणून बरं वाटतंय.

उत्तर : नोटरीने गाडी तुमची होत नाही. आरसीवर त्याचं नाव आणि फायनान्स कंपनीचा बोजा (कर्जाची नोंद) तसाच राहतो. तुम्ही दिलेले पैसे त्याने भरले नाहीत तर गाडी तुमच्या दारातून उचलली जाईल. अपघात झाला तर विम्याचा दावा त्याच्या नावावर, आणि गाडी तुमच्या ताब्यात असल्याने तोही अडकणार.

गाडी हवीच असेल तर रीतसर घ्या. त्याच्या कंपनीकडून फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील ते सांगणारं) मागवा आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा, त्याच्या हातात देऊ नका. कंपनी एनओसी (ना हरकत पत्र) आणि सही केलेला फॉर्म 35 देते, त्यावर आरटीओत बोजा उतरतो. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, नवं कर्ज घेत असाल तर फॉर्म 34 ने नवा बोजा चढतो. एनओसीला बहुधा तीन महिन्यांचीच मुदत असते, ती कपाटात ठेवून विसरू नका. आरसी परजिल्ह्यातली असेल तर फॉर्म 28 ची वेगळी एनओसी लागेल का, ते आधी आरटीओत विचारून घ्या. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरकाचा प्रीमियम भरावा लागतो.

प्रश्न : मेहुणे म्हणतात, ‘माझं सिबिल 780 आहे, कर्ज माझ्या नावावर काढू, हप्ते तू भर.’

उत्तर : कर्ज त्यांच्या नावावर तर गाडीही त्यांच्याच नावावर येईल. त्याऐवजी त्यांना सहकर्जदार किंवा जामीनदार करा आणि गाडी तुमच्या नावावर ठेवा. पण त्यांना आधीच स्पष्ट सांगा : जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि तुमचा हप्ता चुकला तर डाग त्यांच्याही रिपोर्टवर पडतो. उद्या त्यांना घराचं कर्ज काढायचं असेल तर हा बोजा तिथेही मोजला जाईल.

प्रश्न : शेती आणि दुधाचा जोडधंदा आहे, पगारपत्रक नाही. कधी कर्जच घेतलेलं नसल्याने सिबिलला ‘-1’ दिसतं.

उत्तर : -1 म्हणजे वाईट नव्हे, कोरी पाटी. बिघडलेल्या स्कोअरपेक्षा तुमची फाइल कितीतरी सोपी आहे. सातबारा, आठ-अ, दुधाच्या बिलांचे पैसे जमा होणारं खातं आणि दोन वर्षांचं आयकर विवरणपत्र असेल तर तेही जोडा. दुधाचे पैसे रोख घेत असाल तर आजपासून खात्यात घ्यायला लागा, सहा महिन्यांनी तेच तुमचं पगारपत्रक. कोरे सही केलेले चेक मात्र कुणाला देऊ नका. रक्कम, तारीख आणि नाव स्वतः भरा, दिलेल्या चेकचे नंबर लिहून पोच घ्या.

प्रश्न : दोन हप्ते थकलेत. वसुलीवाले गाडी उचलायची धमकी देतात, रात्री नऊला फोन करतात.

उत्तर : सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. गाडी ताब्यात घेण्याआधी किती दिवसांची नोटीस द्यायची आणि विकण्याआधी शेवटची संधी कशी द्यायची, हे करारातच लिहिलेलं असतं, ते पान काढून वाचा. कॉलची नोंद जपून ठेवा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाका. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. हे चालू असताना जमेल तर एक हप्ता भरून टाका. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज होतं आणि मग बोलणी फारच अवघड होतात.