व्हीलचेअरवरून गरवायला सुरुवात करताना

अपघातानंतर पुन्हा गरी, म्हणजे मासे पकडण्याचा गळ, हातात धरण्याची तुमची इच्छा पत्रात वाचून मनापासून आनंद झाला. मी स्वतः व्हीलचेअरवरूनच गोव्यातील मांडवी नदीच्या काठी गरवतो, म्हणजे गळाने मासे पकडतो, त्यामुळे हे जमण्यासारखे आहे, असे खात्रीने सांगतो.

नवशिके आधी महागडी काठी घेतात आणि जागेचा विचार मागाहून करतात. तुम्ही आधी कठडा असलेली सपाट जागा शोधा. फेरीबोटीच्या धक्क्याचा उतार ओहोटीला उघडा पडतो आणि वरून सुकल्यासारखा दिसला तरी शेवाळामुळे निसरडा असतो. तेथे उतरू नका. खुर्ची पाण्याकडे तोंड करून न लावता काठाला समांतर लावा आणि दोन्ही ब्रेक तपासा. जीवरक्षक जाकीट घालाच, मात्र एका झटक्यात सुटणार नाही असा पट्टा कमरेला बांधू नका.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पायांत संवेदना नसेल तर मासा थेट मांडीवर घेऊ नका. माझ्या मांडीत एकदा गळ रुतला, तो घरी पँटवर रक्ताचा डाग दिसल्यावर कळला. सांगट नावाच्या माशाच्या काट्यात तर विषही असते. म्हणून मांडीवर लाकडी फळी ठेवा आणि घरी परतल्यावर पाय नीट तपासा.

सुरुवातीला सहा-सात फुटांची हलकी काठी, आमिषाला ताजी सुंगटे (कोळंबी) आणि चढती भरती एवढे पुरे. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते, हे लक्षात ठेवा. पकड कमजोर असेल तर काठी खुर्चीच्या दांड्यावरील पकडीत बसवा. होडीवरून गरवण्याविषयी आपण पावसाळा सरल्यावर बोलू.